वॉटरपार्कातली पहिली दुपार: दोघांनी निवांत कशी काढावी

लग्नसराई आटोपली, वावर वखरून झालं आणि मृग लागायला अजून आठ-दहा दिवस आहेत, असा मोकळा काळ गावाकडे वर्षातून एकदाच सापडतो. नव्या जोडप्याची दोन दिवसांची सहल बहुधा याच दिवसांत निघते आणि बरेचदा नागपूर-अमरावतीकडच्या एखाद्या वॉटरपार्कवर जाऊन टेकते. अडचण अशी की हेच दिवस नवतप्याचे. २५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणीत शिरला की पुढचे नऊ दिवस ४४-४५ अंश म्हणजे विशेष काही नाही. पार्कच्या जाहिरातीत पाणी दिसतं, ऊन दिसत नाही.

म्हणून पहिल्या दुपारचा बेत जरा वेगळा आखावा लागतो. पहाटे उठून दोन बस बदलून आलेलं अंग, अर्धी झोप आणि भर उन्हाची वेळ. अशात तिकिटाचे पैसे वसूल करायला जो धावतो, तो चार वाजता डोकं धरून बाकावर बसलेला सापडतो. रात्रीचा मुक्काम पार्कच्या रिसॉर्टात किंवा जवळच्या लॉजवर आहे आणि दुसरा दिवस पूर्ण हाती आहे, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे. उंच स्लाइड उद्या सकाळी. आज लेझी रिव्हर, वेव्ह पूल, जमलं तर एखादी बुटकी स्लाइड, आणि ऊन कललं की आकाशपाळणा. एवढंच.

हिरवा चुडा, पोत, जोडवी

नव्या नवरीचं सगळ्यात जास्त अडतं ते इथं, आणि गेटवर पोचल्यावर अडतं. म्हणून हे घरीच निपटवून निघायचं.

काचेच्या बांगड्या घालून स्लाइडवर सोडत नाहीत. हा पार्कवाल्यांचा आडमुठेपणा नाही. स्लाइड एकसंध नसते, फायबरग्लासचे तुकडे नटबोल्टांनी जोडून केलेली असते. घसरताना मनगट जोडावर आपटलं की बांगडी फुटते आणि हात कापतो. त्याहून वाईट म्हणजे काच पाण्यात दिसत नाही. एक तुकडा खालच्या कुंडात पडला, तर कुंड उपसून पुसल्याशिवाय तिथं कोणाला अनवाणी उतरवता येत नाही.

बांगड्या काढायची सोपी रीत कासाराकडे पाहिलेलीच असेल. हातावर पातळ पन्नी मोज्यासारखी चढवायची, अंगठा तळहाताकडे दुमडायचा, पन्नीवर जरा साबणाचं पाणी लावायचं आणि एकेक बांगडी सरकवायची. सगळ्या एकदम ओढल्या तर मधली फुटते. काढलेल्या बांगड्या त्याच क्रमानं दोऱ्यात ओवून रुमालात गुंडाळून ठेवल्या की परत घालताना जुळवाजुळव करावी लागत नाही. हात मोकळे ठेवायचे नाहीत, असं सासूबाईंचं म्हणणं असेल तर मनगटाला हिरवा दोरा बांधा, तो कुठंच अडकत नाही. धातूचं कडं मात्र नको. ते फायबरला ओरखडे पाडतं आणि जोडात अडकलं तर मनगट पिळतं. हाच नियम नवरदेवाच्या कड्याला आणि घड्याळाला.

मोठं मंगळसूत्र घरीच ठेवावं. त्याची मागची एस-कडी वरवर घट्ट दिसते, पण स्लाइडच्या शेवटी पाण्याचा फटका बसतो तेव्हा साखळी उलटी उसळते आणि कडी निसटते. गळ्याशी बसणारी, दोऱ्यात ओवलेली काळी पोत पुरे, आणि तीही टी-शर्टच्या आत. पोत सेफ्टी पिनेनं कपड्याला टोचू नका. पाण्यात पिन उघडली तर ती टोचते ती नेमकी मानेला.

जोडव्यांचा विचार कोणीच करत नाही. जोडवं खालून उघडं असतं आणि ती फट ट्यूबच्या दोरीत किंवा नाल्यावरच्या जाळीत अडकते. बोट सोलून निघतं. निघत असतील तर साबण लावून काढावीत. नसतील निघत तर औषधाच्या दुकानातली कापडी चिकटपट्टी बोटासकट दोन वेढे गुंडाळावी, फार आवळू नये.

मेंदी ताजी असेल तर क्लोरीनच्या पाण्यानं ती लवकर फिकी पडते. चार-सहा दिवस जुनी असेल तर एवढं जाणवत नाही. डोक्याला चपचपीत तेल लावून येऊ नये, तेलाचा तवंग गाळणीवर बसतो आणि कडक पार्क असेल तर तिथं परत पाठवतात.

कपडे आणि पिशवी

सुती कपडे, जीन्स, साडी घालून पाण्यात उतरू देत नाहीत. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, स्लाइडवर अडखळतं, त्याचे धागे सुटून फिल्टरमध्ये जातात. नायलॉन किंवा पॉलिस्टरच लागतं. पार्कात कपडे भाड्यानं मिळतात, वर डिपॉझिटही ठेवावं लागतं, पण मे महिन्याच्या गर्दीत मापाचे सापडतीलच असं नाही आणि नाडी तुटकी निघते. त्यापेक्षा तालुक्याच्या बाजारातून आधीच घ्यावेत. बाईसाठी पूर्ण बाह्यांचा पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि लेगिंग, माणसासाठी गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि तसाच टी-शर्ट. रंग गडदच घ्या. पांढरा आणि फिका पिवळा भिजला की आरपार दिसतो. पूर्ण बाह्या लाजेपेक्षा उन्हासाठी जास्त कामाच्या आहेत. पाण्यात थंड वाटतं म्हणून खांदे भाजल्याचं रात्री आडवं झाल्यावरच कळतं.

पिशवीत काय, तर दोघांत दोन टॉवेल, कोरड्या कपड्यांचा एकेक जोड, ओआरएसच्या चार पुड्या, सनस्क्रीन, एक कंगवा, ओल्या कपड्यांसाठी दोन जाड पन्न्या. वावरातून आणलेली बियाण्याची रिकामी थैली यासाठी घेऊ नका. बियाण्याला लावलेलं गुलाबी-निळं औषध आत शिल्लक असतं आणि ओल्या कपड्यांतून ते अंगाला लागतं.

दोघांचे जुने सुती मोजे घ्या. दुपारी दोन वाजता सिमेंटची वाट तव्यासारखी तापते आणि चपला पाण्याच्या भागात चालत नाहीत. मोजे ओले करून घातले की खरबरीत सिमेंटवरून पाय न भाजता जाता येतं. गुळगुळीत फरशीवर ते घसरतात, तिथं काढायचे.

मोबाईलची पाणीबंद थैली वीस-पंचवीस जणांच्या हातातून गेलेली असू शकते, तेव्हा आधी घरी परीक्षा घ्या. आत कोरडा कागदी रुमाल आणि एक जड चमचा ठेवून बंद करा, बादलीत दहा मिनिटं बुडवा. कागद ओला निघाला तर थैली फेका. कोरडा निघाला तरी फोन पाण्याखाली धरून फोटो काढायचा मोह नको. चांगले फोटो पाण्यात उतरण्याआधीच्या दहा मिनिटांत येतात, केस जागेवर असतात तेव्हा.

बस, आधार, तिकीट खिडकी

मोटारसायकलनं जायचा विचार असेल तर समृद्धी महामार्गावर दुचाकी चालत नाही, हे निघण्याआधी लक्षात घ्या. जुन्या अमरावती रस्त्यानं जाता येतं, पण नवतप्यात साठ-सत्तर किलोमीटर गरम वाऱ्यात गाडी हाकून पार्कात पोचलेल्या माणसाचं अर्धं पाणी वाटेतच गेलेलं असतं. एसटी बरी. १७ मार्च २०२३ पासून बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघांचं भाडं दीड तिकिटात होतं. बसताना कंडक्टरला पार्कचा फाटा सांगून विचारून घ्या. जलद गाड्या फाट्यावर थांबत नाहीत, साध्या गाड्या थांबतात. परतीची गाडी कुठून आणि किती वाजता मिळते, हेही त्यालाच विचारा, पार्कातल्या माणसांना ते क्वचित माहीत असतं.

लॉजसाठी दोघांचंही आधार लागतं. नव्या नवरीच्या आधारवर माहेरचंच नाव आणि पत्ता असतो, त्यानं काही बिघडत नाही. दोघं सज्ञान असल्याचा फोटोसह पुरावा दिला की झालं. लग्नाचा दाखला मागायचा नियम नाही, तरी काही मॅनेजर फाटे फोडतात. अशा वेळी मोबाईलमधला लग्नाचा फोटो किंवा पत्रिका दाखवणं हे वाद घालण्यापेक्षा लवकर मिटतं.

तिकीट खिडकीवर पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारायच्या. "भाऊ, आज कोणतं बंद आहे?" हा पहिला प्रश्न, कारण दुरुस्तीला असलेली राइड पाटीवर लिहिलेली नसते. "वेव्ह पूल किती किती वाजता चालू होते?" हा दुसरा. "तिकिटात काय काय आलं, आणि कशाचे वेगळे लागतात?" गो-कार्ट, भूतबंगला, लॉकर, ट्यूब हे पुष्कळदा वेगळं असतं. आणि मुक्काम असेल तर "आज अर्धा दिवस, उद्या पूर्ण, असं काही जमते का?" जमलं तर तिकिटाचे बरेच पैसे वाचतात. खिडकीवर यूपीआय चालतं, पण गावाबाहेर रेंज दगा देते आणि आत गेल्यावर फोन लॉकरमध्ये असतो. म्हणून सुट्टे चार-पाचशे रुपये छोट्या पन्नीत घडी करून खिशात ठेवा, चेनच्या खिशात.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळावा. वारानुसार भावही बदलतो आणि रांगही.

जेवण आधी, पण किती

बाहेरचा डबा बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत. म्हणून बारा-साडेबाराला पोचल्यावर गेटबाहेरच्या कडुनिंबाखाली बसून डबा उघडावा. एक-दीड भाकर, कांदा, कोरडी भाजी किंवा पातोडी, वर ताक. पोट भरल्याच्या थोडं आधी हात धुवायचा. रस्त्यावरचं सावजी पाहून जीव जातो, तरी ते आज नको. तर्रीचं तेल आणि तिखट पोटात तास-दोन तास तरंगत राहतं आणि वेव्ह पूलच्या पहिल्या चार लाटांत वर येतं. हौस असेल तर रात्री खा.

जेवल्यावर पाऊण ते एक तास पाण्यात जायचं नाही. हा वेळ लॉकर, कपडे आणि सावलीतल्या गोष्टींत सहज जातो. छपराखालचा भूतबंगला, आरशांची खोली, झाडांतून फिरणारी छोटी रेल्वे. उघड्यावरच्या लोखंडी राइड या वेळी अजिबात नकोत. सीटचा पत्रा आणि अंगावर येणारा दांडा इतका तापतो की मांडीला चटका बसतो.

पाणी मात्र आतापासूनच मोजून पीत राहायचं. दोघांनी मिळून दुपारभरात तीन-चार लिटर तरी जायला हवं. पाण्यात डुंबत असताना घाम येतो, पण तो दिसत नाही, म्हणून तहान लागल्याचं कळत नाही. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायची. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करून पिण्यात शहाणपणा नाही, उलट उलटी होते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पण पाण्याची बाटली त्याच्या भरवशावर सोडू नका.

पाण्यात: अडीच ते पावणेपाच

आधी शॉवर. दोन मिनिटं साध्या पाण्यानं केस पूर्ण भिजवून घ्या. केसांनी गोडं पाणी पिऊन घेतलं की क्लोरीनचं पाणी कमी शिरतं आणि रात्री केसांचा काथ्या होत नाही. शॉवर न घेता उतरणाऱ्यांचा घाम आणि त्याहून वाईट गोष्टी क्लोरीनशी मिसळून तो झोंबणारा वास तयार होतो. पाण्याला खूप वास येतोय म्हणजे औषध भरपूर आहे, असं नव्हे. बहुधा पाणी मळलेलं आहे. चांगल्या कुंडाचा तळ काठावरून स्पष्ट दिसतो आणि वास जेमतेम येतो. तळ दिसत नसेल तर त्या कुंडात उतरू नका.

लेझी रिव्हर ही गोल फिरणारी उथळ नदी आहे. पंप पाण्याला हळूहळू पुढं ढकलतात आणि ट्यूबवर बसलेला माणूस चालण्याच्या वेगानं वाहत जातो. पाणी कमरेपर्यंत असतं. बसायची एक युक्ती आहे: ट्यूबकडे पाठ करा, दोन्ही हातांनी मागं धरा आणि खुर्चीत बसावं तसं बूड आधी टेकवा. समोरून उडी मारून चढायला गेलं की ट्यूब उलटते आणि बाजूच्यांची करमणूक होते. दोघांच्या ट्यूब एकमेकींना बांधायच्या नाहीत. हात धरला की पुरे. वळणावर दोघांपैकी एकाचा पाय भिंतीला टेकतो आणि त्यानंच दिशा बदलते. पहिले दोन फेरे इथंच काढा. अंग पाण्याला सरावतं, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या पार्कात दोघांना मोकळेपणी बोलता येईल अशी जागा हीच.

मग वेव्ह पूल. इथं थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण पोहता न येणारे सगळ्यात जास्त इथंच घाबरतात आणि पोहता येणारे इथंच चुका करतात.

कुंडाच्या खोल टोकाला भिंतीमागे हवेच्या खोल्या असतात. मोठे पंखे आळीपाळीनं त्यांत हवा दाबतात, आतलं पाणी खाली ढकललं जातं आणि जाळीतून बाहेर येऊन लाट होते. म्हणजे लाटेचा सगळा जोर भिंतीकडे, खोल बाजूला, आणि काठाकडे येता येता ती लाट फुटून फेस होते. लाटा सतत नसतात. भोंगा किंवा घंटा वाजते, पाच-दहा मिनिटं लाटा चालतात, मग पाणी शांत होतं. भोंगा वाजला की हौशी पोट्टे धावत खोल बाजूला जातात. तुम्ही उलट करा. शांत असताना कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभं राहा आणि भोंगा झाल्यावर तिथंच थांबा.

उभं राहायचं कसं? लाटेकडे तोंड, पण अंग जरा तिरकं, एक पाय पुढं, एक मागं, गुडघे सैल. पैलवान उभा राहतो तसं. लाट आली की टाचा उचलून तिच्यासोबत वर व्हायचं, तिला छातीनं अडवायचं नाही. पाठ करून उभं राहिलं की दुसरीच लाट गुडघ्यामागं बसते आणि माणूस तोंडावर पडतो. दोघांनी हात धरायचा तर बोटांत बोटं गुंतवून नाही, मनगटाला मनगट. बोटं ओल्यात सुटतात किंवा मुरगळतात. एकमेकांना समोरून मिठी मारून उभं राहणं फोटोत छान दिसतं. पण एकाचा पाय सुटला की दोघंही जातात, आणि वरचा खालच्याच्या अंगावर.

लाइफ जॅकेट मागून घ्यावं, लाजायचं कारण नाही. घातल्यावर परीक्षा अशी: दुसऱ्यानं दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत येत असेल तर ते सैल आहे, पाण्यात ते हनुवटीखाली चढून बसेल आणि माणूस खाली राहील. पट्टे आवळा किंवा लहान माप घ्या. ट्यूब घेऊन लाटांत शिरलेल्यांपासून चार हात दूर राहा. लाटेसोबत आलेली भरलेली ट्यूब तोंडावर जोरात बसते. आणि भिंतीच्या जाळीजवळ, पोहता येत असलं तरी, जाऊ नका.

विहिरीत सूर मारून वाढलेल्या पोट्ट्यांना एक गोष्ट बजावून सांगावी लागते. विहिरीचं पाणी दोन-तीन पुरुष असतं, इथलं कमरेइतकं. बायकोला दाखवायला काठावरून सूर मारला की डोकं सरळ तळाला लागतं, आणि त्यात मान जाते. वॉटरपार्कात सूर मारायला जागाच नसते, कोणत्याच कुंडात.

अर्धा-पाऊण तास पाण्यात, मग दहा-पंधरा मिनिटं सावलीत, असं करत राहायचं. सनस्क्रीन पाण्यात जायच्या वीस मिनिटं आधी आणि दर दोन तासांनी पुन्हा. पोटरीत गोळा येणं, डोकं ठणकणं, मळमळ, चिडचिड ही ऊन लागायची सुरुवात आहे. लगेच सावलीत आडवं व्हा, मानेवर आणि काखेत ओला टॉवेल, घोट घोट ओआरएस. अंग तापलंय, घाम थांबलाय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, असं झालं तर पार्कच्या माणसाला हाक मारा आणि १०८ ला फोन करा, वाट पाहू नका. माणूस नीट शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

साडेचार वाजता उत्साह शिल्लक असेल तर एक बुटकी, रुंद स्लाइड किंवा दोघांची ट्यूब-स्लाइड. उताणं पडायचं, हात छातीवर घडी, पाय घोट्याशी एकमेकांवर. वेग वाढला की माणूस घाबरून उठून बसतो आणि कोपरानं ब्रेक मारतो, त्यानं वेग कमी होत नाही, कोपर मात्र सोलतं. मधेच अडकलात तर उभं न राहता बसल्या बसल्या हातानं पुढं सरका. दोघांच्या ट्यूबमध्ये पुढं कोण, मागं कोण हे वरचा माणूस सांगेल तसंच. वजनात फार फरक असला की ट्यूब वळून पाठमोरी घसरते, त्यात धोका नाही, धरून राहा. खाली पोचल्यावर उभं राहून केस नीट करत बसू नका, बाजूनं लगेच बाहेर पडा. मागचा वरून निघालेला असतो.

काही जणांनी यातलं काहीच करू नये: पाठीच्या मणक्याचं दुखणं, फिट येणं, हृदयाचा त्रास असलेल्यांनी. पाळी चुकलेली असेल तर तपासणी होईपर्यंत दिवस गेले आहेत असं धरूनच वागावं. लेझी रिव्हर ठीक, स्लाइड आणि कोलंबस, म्हणजे झुलणारं जहाज, नाही. पाळी चालू असेल तर पॅड पाण्यात उपयोगाचं नाही, ते पाणी पिऊन फुगतं. कप वापरायची सवय असेल तर ठीक, नसेल तर सहलीच्या दिवशी पहिल्यांदा करून पाहू नये. त्यापेक्षा तारीखच चार दिवस पुढं ढकलावी. बस लागते म्हणून घेतलेली उलटीची गोळी गुंगी आणते, ती घेतलेल्यानं आज खोल पाण्यात जायचं नाही.

कोरडं होऊन पाळणा

पावणेपाचला बाहेर. बरीचशी पार्कं साडेपाच-सहाला आवरायला लागतात, आणि कपडे बदलायच्या खोलीपुढे शेवटच्या अर्ध्या तासात जत्रा भरते, म्हणून थोडं आधीच निघायचं. साध्या पाण्यानं अंघोळ, डोळ्यांवर पाण्याचे हबके. कानात पाणी गेलं असेल तर डोकं त्या बाजूला वाकवून कानाची पाळी मागं-वर ओढा, निघतं. काडी, केसांची पिन कानात घालू नका. ओल्या कपड्यांनी कोरड्या राइडवर बसू देत नाहीत, सीट निसरडी होते. आता भूक लागते. एकेक प्लेट पोहे आणि लिंबूपाणी पुरे.

आता लोखंड निवलेलं असतं, तरी बसण्याआधी हाताची मागची बाजू सीटला लावून पाहा. पहिल्यांदाच बसणाऱ्यांनी कोलंबसमध्ये मधल्या रांगा धराव्यात. जहाज टोकांना सगळ्यात उंच जातं, पोटात गोळा तिथंच येतो. ब्रेक डान्ससारखं गरागरा फिरणारं काही आज नको. डोळ्यांना दिसतं एक आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला कळतं दुसरं, त्या गोंधळातून मळमळ होते, आणि थकलेल्या अंगाला ती लवकर गाठते. मळमळलं तर डोळे मिटू नका, दूरचं न हलणारं झाड किंवा खांब पाहत राहा.

गो-कार्टवर बसायचंच असेल तर केसांचा अंबाडा घट्ट बांधून हेल्मेटच्या आत, आणि ओढणी, शेला, साडीचा पदर काहीही अंगावर लोंबतं नको. गाडीचा मागचा फिरता दांडा सीटच्या अगदी मागं, उघडाच असतो. त्यात केस किंवा पदर गुंतला की माणसाला हात वर करायलाही वेळ मिळत नाही. ओढणी गाठ मारून चालेल का, असं विचारणारे असतात. नाही चालत, गाठ सुटते.

आकाशपाळणा शेवटी. बहिरमच्या यात्रेतला पाळणा आठवत असेल तर इथला त्यापेक्षा संथ, बंद पिंजऱ्याचा असतो. आत बसल्यावर दाराची कडी बाहेरून लागली का, हे स्वतः पाहा. नसेल लागली तर सुरू व्हायच्या आधी ओरडा. समोरासमोर बसा, एकाच बाजूला दोघं बसलात तर पिंजरा कलतो. वर थांबतो तो बिघडला म्हणून नाही, खाली माणसं उतरत असतात. साडेपाचच्या सुमाराला वरून वखरलेली काळी वावरं लांबवर दिसतात, वखराच्या रेघा तिरप्या उन्हात उठून येतात. फोटो काढायचा तर फोनची दोरी मनगटात अडकवून.

लॉकरची किल्ली परत दिल्यावर डिपॉझिट मोजून घ्या, आणि निघण्याआधी लॉकरमध्ये हात घालून शेवटचा कोपरा चाचपा. रुमालात गुंडाळलेल्या बांगड्या आणि जोडवी तिथंच मागं राहतात. मुक्कामावर पोचल्या पोचल्या ओले कपडे साध्या पाण्यातून दोनदा पिळून पंख्याखाली टाका. नायलॉन असल्यानं ते सकाळपर्यंत वाळतात, आणि उंच स्लाइडची रांग उद्या गेट उघडल्यावर पहिला अर्धा तास सगळ्यात लहान असते.